मारामारी लिहिताना : बांधावरच्या भांडणापासून दांडपट्ट्यापर्यंत

कथेतली मारामारी खोटी वाटते ती बहुधा एकाच कारणाने. तिच्यात मारणाऱ्याला काही लागत नाही. नायक चौघांना लोळवतो, हात झटकतो आणि पुढच्या परिच्छेदात चहाचा कप उचलतो. प्रत्यक्षात आवळलेली मूठ कुणाच्या कवटीवर बसली, तर कवटीआधी मूठच मोडते. तळहातातलं करंगळीच्या रेषेतलं हाड तुटतं, हाताची मागची बाजू सुजते आणि पुढचे तीन-चार आठवडे त्या हाताने शर्टाचं बटणही धड लागत नाही. म्हणून प्रत्येक फटका खाणाऱ्याला काय पडला आणि मारणाऱ्याला काय पडला, असे दोन रकाने आखूनच लिहायला बसावं.

उदाहरणाला एक ओळखीचं भांडण घेऊ. रात्रीची पाण्याची पाळी आहे. उसात दारं धरायला आलेले दोन चुलतभाऊ आणि मध्ये सामाईक बांध. थोरला दत्तू पंचेचाळिशीचा, हातात खोरं. धाकटा विष्णू अठ्ठावीसचा, हातात बॅटरी. लेखभर हेच दोघे भांडतील, अधूनमधून इतिहासातही जाऊन येऊ.

आधी जागा, मग माणसं

कागदावर जागेचा नकाशा काढा. चित्रकला यायची गरज नाही. पायाखाली काय आहे, उजेड कुठून येतोय, हाताला काय लागू शकतं आणि मागे सरकायला किती जागा आहे, एवढं त्यात दिसलं की पुरे.

आपला बांध दीड-दोन फुटांचा. त्यावर दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या बाजूने वळसा घालता येणार नाही. दोन्हीकडे पाणी सोडलेलं, घोट्यापर्यंत चिखल. म्हणजे लाथ बाद. ओल्या मातीत एका पायावर उभा राहणारा माणूस समोरच्याच्या आधी स्वतः पडतो. मागे डोक्याएवढा ऊस, म्हणजे खोरं डोक्यावरून फिरवायला जागा नाही, दांडा पानांत अडकणार. अजून कुणी हात उचललेला नाही, तरी मारामारीचं अर्धं रूप ठरून गेलं.

जागा संख्याही ठरवते. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत मूठभर मावळ्यांना मोठं सैन्य रोखून धरता आलं, ते शौर्याने तर खरंच, पण वाट अरुंद असल्यामुळेही. मागे हजार माणसं असली तरी पुढे एका वेळी मोजकीच येऊ शकत होती. चाळीचा जिना, लोकलचा दरवाजा, एसटीच्या दोन सीटमधली जागा इथेही हाच न्याय लागतो. तिथे हात फिरवायला वाव नसतो. कोपर, गुडघा, कपाळ आणि ढकलणं एवढंच उरतं.

उजेडाचा हिशेब लेखक हमखास विसरतात. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि बॅटरीचा एक झोत तो सराव क्षणात घालवतो. विष्णूने झोत दत्तूच्या तोंडावर मारला की दत्तूला विष्णूचा हातसुद्धा दिसणार नाही. बॅटरी पाण्यात पडली की दोघंही आंधळे. चष्मेवाला असेल तर नंबर ठरवून ठेवा. उणे चार नंबरच्या माणसाला चष्म्याविना साधारण पंचवीस सेंटिमीटरपलीकडचं सगळं पुसट दिसतं. तो समोरच्याला मारत नाही, हलणाऱ्या रंगाला मारतो.

एकेरीवर येणं

मराठीत मारामारीची पहिली पायरी हाताची नसते, सर्वनामाची असते. 'एकेरीवर येणं' हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. अनोळखी माणसांत 'अहो तुम्ही'चं 'ए तू' होतं. घरातल्या माणसांत नातं गळून पडतं. विष्णू दत्तूला जन्मभर 'दादा' म्हणत आलाय. ज्या वाक्यात तो 'दादा' खाऊन टाकतो तिथे खरी मारामारी सुरू झाली, आणि 'दत्त्या' म्हणाला की परतीची वाट बंद. जाणत्या वाचकाला एवढं पुरतं, वर 'वातावरण तापले' लिहू नका.

त्यानंतरच्या पायऱ्या बऱ्याच ठरलेल्या असतात. आवाज चढतो. आजच्या पाण्यावरून गाडी आजोबांनी केलेल्या वाटणीवर जाते. कुणीतरी नसलेल्या साक्षीदाराला हाक मारतो: "बघा हो, बघा." छातीला छाती भिडते, मग कॉलर. आणि पहिल्या फटक्याआधी बऱ्याचदा आवाज अचानक थांबतो. लुंगी वर खोचली जाते, घड्याळ काढून खिशात जातं, चप्पल मागे सरकवली जाते, नजर आजूबाजूला फिरून येते. यातली एकच खूण निवडा. चारही टाकल्या तर तमाशातली तयारी वाटेल.

शिव्यांबाबत काटकसर करा. खवळलेला माणूस कल्पक नसतो, तो एकच शिवी तीनदा देतो. प्रत्यक्ष हाणामारी चालू असताना तर संवाद जवळजवळ बंदच ठेवा. दम बोलायला पुरत नाही, दोन शब्द सुटले तरी खूप. जोरदार वाक्यं सुचतात ती आधी, किंवा नंतर धापा टाकताना.

दम किती पुरतो

जीव खाऊन मारण्याची ताकद साधारण दहा सेकंद टिकते. त्यानंतर हात जड होतात, खांदे खाली येतात. वर्षानुवर्षं तालीम केलेले मुष्टियोद्धे तीन मिनिटांची फेरी खेळतात आणि मग मिनिटभर बसतात. फ्रीस्टाइल कुस्तीतही तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. दत्तू-विष्णूसारख्यांची मारामारी वीस ते चाळीस सेकंदांत 'धरलंय आणि सोडत नाही' या अवस्थेला येते. दोघं एकमेकांच्या अंगावर भार टाकून उभे किंवा पडलेले, तोंडं उघडी.

गोष्टीचं वळण इथून काढता येतं. पंचेचाळिशीच्या दत्तूकडे ताकद आहे, दम नाही. पहिल्या दहा सेकंदांत जमलं तर जमलं, नाहीतर वेळ विष्णूच्या बाजूने. तुमचा थोरला भाऊ पाच मिनिटं तुल्यबळ लढत असेल, तर तो शेतकरी नाही, सिनेमातला आहे.

शब्दांची वाटणीही यावरून करा. दीड हजार शब्दांच्या प्रसंगात प्रत्यक्ष मारामारीला तीनशे ते चारशे भरपूर झाले. उरलेले आधीचे आणि नंतरचे.

फटके

कोणता फटका काय करतो हे नेमकं माहीत असलं की विशेषणं लागत नाहीत.

कानाखाली: आपल्याकडच्या भांडणात गुद्द्यापेक्षा चापटच जास्त चालते आणि मारणाऱ्याला ती सगळ्यांत स्वस्त पडते. तळहात मोडत नाही. पण पोकळ तळवा नेमका कानावर बसला तर पडदा फाटू शकतो. मग कानात शिटी, तोल जाणं, त्या बाजूचं ऐकू कमी येणं. शिवाय चापटीत अपमान असतो. गुद्दा माणूस विसरतो, मुस्काटात खाल्लेली विसरत नाही.

नाक: डोळ्यांत आपोआप पाणी येतं, रडू आलं नसलं तरी. त्या क्षणी माणूस काही पाहू शकत नाही. रक्त पुढे येतं तसंच घशातही उतरतं, आणि गिळलेल्या रक्ताने थोड्या वेळाने उलटी होते.

भुवई: जखम छोटी, रक्त भरपूर. ते डोळ्यात जातं, म्हणून एका बाजूने येणारा पुढचा फटका दिसत नाही.

तोंड: दातावर मूठ आपटली आणि बोटाच्या पेरावर चीर पडली, तर ती किरकोळ समजू नका. माणसाच्या तोंडातले जंतू सांध्यात जातात, दुसऱ्या दिवशी हात टरारून सुजतो, वेळेत उपचार नाही झाले तर बोट जायची पाळी येते. मारणाऱ्याच्या रकान्यात लिहायला हा उत्तम तपशील.

पोट: बरगड्यांच्या खाली, मधोमध बसला तर श्वासपटलाला पेटका येतो. माणूस तोंड उघडतो, पण हवा आत जात नाही. काही सेकंदांचाच खेळ, पण ज्याच्यावर येतो त्याला आपण मेलो असं वाटतं. उजवीकडे बरगडीखाली यकृत. तिथला फटका क्षणभर उशिरा कळतो. माणूस अर्धं पाऊल पुढे टाकतो आणि मग गुडघ्यावर बसतो. हा उशीर लिहिता आला तर वाचक दचकतो.

बरगडी: मोडलेली बरगडी त्या रात्रीपेक्षा नंतर छळते. खोकला, शिंक, हसू, कुशीवर वळणं, सगळंच दुखतं. साधारण सहा आठवडे.

डोकं: इथे सगळ्यांत जास्त थापा मारल्या जातात. डोक्यात दांडा घातला, माणूस तासभर बेशुद्ध पडला, मग डोकं चोळत उठून पाठलागाला लागला, असं होत नाही. साध्या बेशुद्धीतून माणूस काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर येतो, पण गोंधळलेला असतो. तोच प्रश्न पुन्हा विचारतो, ओकतो, मधला वेळ त्याला आठवत नाही. तासभर शुद्ध हरपली तर तो अतिदक्षता विभागातला रुग्ण आहे. याउलट एक खरी घडणारी गोष्ट फार कमी लेखक वापरतात. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली तरी माणूस उठतो, बोलतो, घरी चालत जातो, जेवतो आणि काही तासांनी झोपेत कोसळतो. बांधावरून 'मला काही झालं नाही' म्हणत गेलेल्या माणसाची पहाटेची बातमी यातून येते.

अंगात भीतीची लहर असेपर्यंत दुखणं उशिरा पोचतं. नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी अरुंद होते, आजूबाजूचे आवाज दूर जातात किंवा बंद होतात. बोटांची बारीक कामं जमत नाहीत. किल्ली भोकात जात नाही, मोबाइल उघडत नाही. पात्राने लढता लढता समोरच्याच्या डोळ्यांचा रंग पाहू नये, तो दिसत नाही.

आणि चुकवणं. डोळ्याने पाहून अंग हलवायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. हातभर अंतरावरून येणारा गुद्दा तेवढा वेळ देत नाही. माणूस वाचतो तो आधीपासून लांब उभा असल्यामुळे, नाहीतर नशिबाने. म्हणून 'चपळाईने चुकवले' लिहिण्याआधी दोघांत किती हात अंतर होतं ते सांगा.

हाताला लागलेली वस्तू

खोरं, काठी, पहार ही फिरवायची हत्यारं. ती उगारली की एक क्षण पूर्ण अंग उघडं पडतं, आणि वार हुकला की वजन हाताला पुढे ओढत नेतं. काठीची मारक बाजू म्हणजे तिचं टोक. माणूस आत शिरून अंगाला भिडला की पाच फुटी काठी अडचणच होते. डोक्यावरचा काठीचा वार अडवायला माणूस कोपर वर करतो, तेव्हा मनगट आणि कोपर यांमधलं करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. डॉक्टर ते पाहूनच ओळखतात की हा माणूस अडवत होता.

कोयत्याचा भार पुढे, पातं वळलेलं. भोसकायला तो निकामी, तो तोडायचं हत्यार. जखमा हातांवर, खांद्यांवर, डोक्यावर सापडतात. चाकूचं गणित वेगळं. भोसकलेल्याला बऱ्याचदा चाकू कळतच नाही, गुद्दा बसला असं वाटतं. ओलं लागल्यावर तो खाली बघतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला मुठीपुढे आडवा अडसर नसतो. पातं हाडावर अडलं की मारणाऱ्याचीच बोटं घसरून धारेवर जातात. एकवीस फुटांवरून धावत येणारा माणूस दीड सेकंदात अंगावर पोचतो, तेव्हा 'त्याने शांतपणे पिस्तूल काढले' हेही जपून.

रक्ताचा हिशेब असा: मोठ्या माणसात पाच लिटरच्या आसपास. पाऊण लिटर गेलं तरी तो उभा असतो. दीड-दोन लिटर गेलं की थंड घाम, तहान, असंबद्ध बोलणं, मग घेरी. पोटात झालेला रक्तस्राव बाहेर दिसत नाही. रुतलेला चाकू उपसून फेकणारा नायक स्वतःचं बूच काढत असतो.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आपल्या तलवारीच्या मुठीला मागे थाळीसारखी चकती असते. युरोपी तलवारीसारखं मनगट लांबवून भोसकायला गेलं तर ती मनगटात रुतते. ही तलवार खांद्या-कोपरातून ओढत कापते, लिहितानाही ती 'खुपसू' नका, ओढा. दांडपट्टा तर त्याहून हट्टी. २०२४ मध्ये त्याला महाराष्ट्राच्या राज्यशस्त्राचा मान मिळाला आणि तेव्हापासून कथांतून तो बराच फिरू लागलाय, पण चुकीचा. त्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते, हात कोपरापर्यंत झाकलेला. मनगट वळतच नाही, फिरतं ते सगळं अंग. पट्टेकऱ्याच्या भोवती मोकळं रिंगण हवं, शेजारी आपला माणूस उभा असेल तर आधी तोच कापला जाईल. त्या हाताने दोर धरता येत नाही, दार ढकलता येत नाही, डोळ्यातलं रक्त पुसता येत नाही. उलट टोकाला वाघनख. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीत अंतर मिठीचं होतं. तिथे लांब पातं कामाचं नव्हतं, लपणारं आणि जवळून लागणारं हवं होतं, आणि अंगरख्याखाली चिलखत. हत्यार अंतरावरून निवडा, रुबाबावरून नको.

एखादं पात्र तालमीतलं असेल तर ते मारत नाही, धरतं. मोडलेल्या कानांवरून त्याला आधीच ओळखू द्या. एकेरी पट, ढाक, धोबीपछाड ही नावं निवेदकाला कुस्ती कळत असेल तरच घ्या. नाहीतर 'पाय गेला आणि आभाळ दिसलं' एवढं खूप झालं. हौद्यातली माती उकरून, ताक-तेल-हळद घालून मऊ केलेली असते. तोच डाव डांबरी रस्त्यावर टाकला तर पडणाऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडतं.

सोडवणारे

आपल्याकडे मारामारी दोघांची फार वेळ राहत नाही. लोक मध्ये पडतात, आणि धोका तिथेच असतो. सोडवणारा ज्याला मागून कवळ घालतो त्याचे हात अडकतात आणि समोरचा मोकळाच असतो. सगळ्यांत वाईट फटके या क्षणात बसतात. वर्षानुवर्षं 'तू मला धरलंस म्हणून त्याने मारलं' असा तिसराच वैरी यातून तयार होतो. गावची गोष्ट लिहिणाऱ्याने ही संधी सोडू नये.

वाक्य

मराठी व्याकरण इथे आपल्या बाजूने आहे. 'दत्तूने मारलं' यात करणारा दिसतो. 'विष्णूला लागलं' यात करणारा गायब, फक्त सोसणारा उरतो. ज्याच्या डोळ्यांतून प्रसंग दिसतोय त्याने केलेल्या गोष्टी 'ने' लावून लिहा, त्याच्यावर आलेल्या गोष्टी 'लागलं, बसलं, आलं, गेलं' अशा. कुणी मारलं हे त्याला त्या क्षणी ठाऊकच नसतं. सपकन, धाडकन, खाडकन यांची आपल्याकडे खाण आहे, म्हणूनच एका मारामारीत एक पुरे. दुसरा शब्द पहिल्याचा आवाज खातो.

आता हे बघा:

'दत्तूने विजेच्या वेगाने खोरे फिरवले. विष्णूने चपळाईने वार चुकवून त्याच्या जबड्यावर सणसणीत ठोसा लगावला. दत्तू दूर फेकला गेला, पण क्रोधाने पेटून पुन्हा उठला.'

ऊस नाही, रात्र नाही, चिखल नाही, कुणाचा हात दुखला नाही. हीच वाक्यं ठाण्याच्या पार्किंगमध्येही चालतील, म्हणजे ती कुठलीच नाहीत. दुसरा खर्डा:

'झोत तोंडावर आला. "खाली घे ती." झोत तिथेच राहिला. दत्तूने खोरं उचललं. दांडा मागे उसात अडकला. त्याने हिसडा दिला तोवर विष्णू अंगावर होता. कानावर काहीतरी बसलं. उजेड गेला आणि पाठीखाली गार पाणी आलं. कुणाचा तरी अंगठा तोंडात होता. दत्तू चावला, आणि चावतच राहिला. लांब कुठेतरी मोटार चालू होती. तेवढीच ऐकू येत होती.'

मोजून तीन कृती: उचलणं, हिसडणं, चावणं. बाकी सगळं त्याच्यावर आलेलं. मोठ्याने वाचा. जिथे तुमचा श्वास तुटेल तिथे पूर्णविराम द्या.

नंतर

पहिली दहा मिनिटं हात-पाय थरथरतात, जिंकलेल्याचेही. कुणी हसतो, कुणी ओकतो, कुणी चिखलात हरवलेली चप्पल शोधत बसतो. चप्पल शोधणारा दत्तू मला रडणाऱ्या दत्तूपेक्षा खरा वाटतो. दुखायला घरी गेल्यावर लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग सर्वांत जास्त आखडतं. डोळ्याखालचा काळानिळा डाग पुढे हिरवट, मग पिवळट होत दोन आठवड्यांत जातो. प्रकरणांच्या तारखा लावताना हा रंग तपासा.

मग दवाखाना आणि ठाणं. सरकारी रुग्णालयात मारहाणीची नोंद एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते आणि दुखापत साधी की गंभीर यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड विधान, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता. साध्या दुखापतीचं ३२३ आता ११५(२) आहे, ती अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन घरी पाठवतात. खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, खुनाचं ३०२ आता १०३(१). पोलीस कागदावर नवा आकडा लिहितील, पण पारावरची माणसं अजून 'तीनशे सात लागलं' असंच म्हणतात, तेव्हा संवादात जुना आणि फिर्यादीत नवा. विष्णूही गप्प बसणार नाही, चावलेला अंगठा दाखवून तोही उलट तक्रार देईल.

हाड मोडणं, सांधा निखळणं आणि दात तुटणं किंवा निखळणं कायद्याने गंभीर दुखापतीत मोडतं. म्हणजे त्या चापटीत दत्तूचा दात नुसता हलला की पडला, यावर विष्णूचं कलम ठरणार. हे ठाण्याच्या प्रकरणापर्यंत लांबवू नका, बांधावरच ठरवा. पडला असेल, तर पुढे हंगामात गुऱ्हाळावर कुणी कांडं पुढे केलं की दत्तू ते हातात घेईल, सोलेल आणि शेजारच्या पोराला देऊन टाकेल.